कानात एक, अंगणात एक

१२ जानेवारी, रविवार

फादर रोमानुस यांच्या सांगण्यावरून लिहायला बसलो आहे. पापनिवेदनात मी मेहुण्याबद्दलचा राग सांगितला. सांगायला थोडा वेळ लागला, मागे रांग होती. फादर म्हणाले, "दामियान, जे बोलायचंय ते आधी लिहून काढत जा. निम्मं बोलायची गरज उरणार नाही." उरलेल्या निम्म्याचं काय करायचं ते त्यांनी सांगितलं नाही.

प्रकरण असं आहे. नोव्हेंबरात लोरेन्सच्या मुलीचं लग्न झालं. लोरेन्स म्हणजे माझ्या बायकोचा, युस्टिनाचा थोरला भाऊ. आमच्या लारांतुका गावात कुठंही मांडव पडला की स्पीकर त्याचेच. मी मुलीच्या आत्याचा नवरा, म्हणून भाषण माझं. मी बंदरावर बावीस वर्षं बोटींच्या घोषणा करतो आहे. माईक कसा धरायचा हे मला कोणी शिकवायला नको. भाषण रंगात आलं होतं. बंदर खात्याचे आभार मानून मी नुकताच जहाजांच्या कप्तानांकडे वळलो होतो, एवढ्यात माईक बंद पडला आणि दोलो-दोलोचा ताल सुरू झाला. सगळा मांडव उठला, करंगळीत करंगळी घालून रिंगण धरलं आणि नाचायला लागला. मला वाटलं बिघाड झाला. मदतीच्या भावनेनं यंत्रापाशी गेलो.

लोरेन्स म्हणाला, "बिघाड नाही दाजी, मीच बंद केला. लोकांच्या पायांना मुंग्या आल्या होत्या."

मी सगळ्यांसमोर सांगितलं, "तुझे स्पीकर पुन्हा माझ्या अंगणात लागणार नाहीत."

तो म्हणाला, "मग मीही लागणार नाही."

त्यानंतर बोलणं नाही. जूनमध्ये माझ्या मुलीचं, वीराचं, पहिलं कम्युनियन आहे. त्या रविवारी गावात घरोघरी मांडव असतात आणि गावातले बाकीचे स्पीकर वर्षभर आधीच ठरलेले असतात. तेव्हा आज निर्णय घेतला आहे. डीजेचं स्वतःचं यंत्र घ्यायचं, घरात बसवायचं आणि स्वतः वाजवायचं.

युस्टिनाला सांगितलं. ती मासे साफ करत होती. म्हणाली, "बरं." तिनं ज्या पद्धतीनं माशाचं डोकं उडवलं त्यावरून तिला कल्पना पटलेली दिसते.

१९ जानेवारी

वीरानं विचारलं, "बाबा, पहिलं रिंगण कोण काढणार?"

मी म्हणालो, "रिंगण आहेच. यंत्र येतंय."

"तसं नाही. मामानं भाचीची करंगळी धरायची असते ना? तेरेसाचे मामा तर कुपांगहून विमानानं येणार आहेत. माझा मामा दोन गल्ल्या सोडून राहतो."

तिला समजावलं की तत्त्वाच्या गोष्टी अंतरावर मोजत नाहीत. ती उठून आईकडे गेली. स्वयंपाकघरात दोघी बराच वेळ हळू आवाजात बोलत होत्या. अभ्यासाचं काही असेल.

लिहायचं ठरलं आहे म्हणून लिहितो. तिचा प्रश्न दिवसभर डोक्यातून गेला नाही.

२ फेब्रुवारी, रविवार

बाजारात को हेंकीच्या दुकानात गेलो; 'को' म्हणजे दादा, गाव त्याला तसंच म्हणतं. तो भाताचे कुकर, पंखे आणि स्पीकर विकतो, आणि तिन्हींची स्तुती एकाच वाक्यात करतो.

"को, घरात डीजे बसवायचाय. पहिल्यांदाच घेतोय."

"पाहुणे किती?"

"अंगणभर."

"मग हे बघा." त्यानं मला माझ्यापेक्षा उंच अशा दोन पेट्या दाखवल्या. "हे लावलंत की समोर आदोनारा बेटावरचे लोकसुद्धा नाचतील."

"त्यांना बोलावलेलं नाही."

"ऐकू आलं की येतील."

मग यंत्रं दाखवली. एकावर एकाच वेळी चार गाणी लावता येतात, बटणं पन्नासेक असतील, प्रत्येकाखाली निळा-लाल दिवा. जहाजाच्या कप्तानासमोरही इतकी नसतात. दुसरं लहान होतं, दोन चकत्या, मधे काही सरकत्या पट्ट्या, लॅपटॉपला जोडायचं. तिसऱ्याला लॅपटॉपही लागत नाही, पण त्याची किंमत सांगताना को हेंकीनं स्वतःच आवाज खाली घेतला. मला चार गाण्यांचं पसंत पडलं. गाणी मला दोनच लागतील, पण दिवे चांगले आहेत.

लॅपटॉप युस्टिनाचा आहे, शाळेचा. ती म्हणाली, "लगेच घेऊ नका. आमच्या भजनमंडळातल्या बिआत्रिसमावशींच्या ओळखीचा एक माणूस आहे माउमेरेला. त्याला यातलं सगळं कळतं. मी फोनवर विचारते."

मी म्हणालो, "मीच बोलतो ना."

"तो अनोळखी माणसाशी बोलत नाही."

"तुझी तरी कुठं ओळख आहे?"

"बायकांशी बोलतो," युस्टिना म्हणाली.

९ फेब्रुवारी

माउमेरेच्या माणसाचं उत्तर आलं. युस्टिना मागच्या अंगणात जाऊन फोन करते, तिथं रेंज चांगली लागते. उत्तर जसंच्या तसं उतरवतो.

"चार गाण्यांचं यंत्र कशाला? हात दोन आहेत ना? दोन चकत्यांचं घ्या. ज्याला दोन गाणी जोडता येत नाहीत तो चार गाणी तोडतो. मोठ्या पेट्या घेऊ नका, गर्जेल तो पडेल काय. छातीच्या उंचीच्या दोन पुरेत. आणि समोर चॅपलची भिंत आहे, तिच्याकडे पेट्यांचं तोंड करू नका. आवाज उलटून बोलणाऱ्याच्याच कानात येऊन बसेल."

थक्क झालो. चार तासांच्या रस्त्यावर बसलेल्या माणसाला आमच्या अंगणासमोरची भिंत कळते! याला म्हणतात ज्ञान. नाहीतर आमचा लोरेन्स. आयुष्य गेलं स्पीकर उचलण्यात, पण असं एक वाक्य कधी ऐकलं नाही त्याच्याकडून.

हे मी युस्टिनाला म्हणूनही दाखवलं. तिला खोकला लागला. हवा बदलते आहे.

१६ फेब्रुवारी

आणखी प्रश्न पाठवले. हेडफोन कशाला लागतो? माझ्या मते वायफळ खर्च. लोकांना ऐकवायचं गाणं मी कानात घालून का बसू?

उत्तर: "तीच तर सगळी गंमत आहे. अंगणात एक गाणं चालू असतं. त्याच वेळी पुढचं गाणं तुम्ही एकटे कानात ऐकायचं, ताल जुळवायचा, मग हळूच पट्टी वर सरकवून बाहेर सोडायचं. कानात एक, अंगणात एक. ज्या यंत्रात हे दोन वेगळे नाहीत ते फुकट मिळालं तरी घेऊ नका. आणि एक लक्षात ठेवा. तुम्हाला कानात ऐकू येतं ते लोकांना ऐकू येत नसतं, आणि लोकांना ऐकू येतं ते तुम्हाला."

शेवटचं वाक्य मला थोडं पाल्हाळिक वाटलं. पण मोठी माणसं बोलतात तशी.

२३ फेब्रुवारी

यंत्राची ऑर्डर दिली. दोन चकत्यांचं. को हेंकी खट्टू झाला, म्हणाला, "कोणी शिकवलं तुम्हाला हे?" मी म्हणालो, माउमेरेला माझा एक सल्लागार आहे. स्पीकरही माउमेरेच्या माणसानं सांगितले तेवढेच. माल सुराबायाहून जहाजानं येणार.

आता खरं कारण लिहून ठेवतो, कारण फादरांनी खरं लिहायला सांगितलं आहे. यंत्र आपलं असलं की भाषण आपल्याशिवाय कोणी बंद करू शकत नाही. लग्नात अर्धवट राहिलेलं भाषण मी पूर्ण करणार आहे. घोषणेच्या खोलीत, दुपारी बोटी नसताना, ते पहिल्यापासून शेवटपर्यंत फोनवर ध्वनिमुद्रित केलं. आवाज चांगला आला आहे. मधे एकदा आदोनाराची बोट लवकर आली, तेवढी घोषणा त्यात राहिली आहे. राहू दे. जूनमध्ये मांडव भरला की चकतीवर चढवायचं आणि हात बांधून उभं राहायचं. माईकच नाही तर कोण काय तोडणार?

लोरेन्स येणार नाही, तेव्हा त्याच्याबद्दलचा शेवटचा भाग वगळावा का, असा विचार आला. वगळला नाही. लिहिलेलं आहे ते आहे.

५ मार्च

आज कपाळाला राख लागली. उपवासकाळ सुरू. ईस्टरपर्यंत नाचगाणं नाही, तेव्हा लोरेन्सचा धंदाही बंद. बंदरावर तो मासे घ्यायला आला होता. मी घोषणा करत होतो. त्यानं खिडकीकडे पाहिलं. मी कप्तानाचं नाव दोनदा उच्चारलं.

२९ मार्च

जहाज नाही. समुद्र खवळलेला आहे.

५ एप्रिल

जहाज नाही. वीरा म्हणते, "मामाचे स्पीकर तर कोठीत पडूनच आहेत." मी म्हणालो, "जेवताना बोलू नये." ती म्हणाली, "तुम्ही बोलता." मक्याचे पोहे आणि आंबट माशाचं कालवण होतं.

१६ एप्रिल, त्रेवाचा बुधवार

माझ्या खोक्याचं आगमन मीच जाहीर केलं. सुराबायाचं जहाज धक्क्याला लागताना आवाज थोडा कापला, हे मान्य करतो.

नेमका आज. आजची संध्याकाळची प्रार्थना झाली की गावातली पोरं-माणसं पत्रे ओढत रस्त्यानं धावतात, डबे वाजवतात, विजेचे खांब बडवतात. हा त्रेवाचा गलका थांबला की ईस्टरपर्यंत गाव सुतकात. गाणं नाही, हातोडा नाही, मोठ्यानं हाक नाही. कोंबड्यांना तेवढी सूट आहे.

म्हणजे चार दिवस यंत्र मुकं ठेवायचं. पण मी विचार केला, गलका चालू असेल तेवढा वेळ आवाज करायला परवानगीच आहे. चाचणीला याहून चांगली संधी नाही. घाईनं सगळं जोडलं. स्पीकर खिडकीत ठेवले, तोंड गल्लीकडे. त्यामुळे ते चॅपलच्या भिंतीकडेही झालं, पण दुसरी खिडकीच नाही. बाहेर पत्रे सुरू झाल्याबरोबर मी दोलो-दोलो लावलं आणि आवाजाचं बटण पार उजवीकडे फिरवलं.

वाजतंय की नाही कळेना. पत्र्यांपुढे काही ऐकू येईना. युस्टिनाला विचारलं, तिला प्रश्नच ऐकू आला नाही. बाहेरचं थांबायला लागलं तसं मी गाणं बंद केलं. एकदम शांत झालं. समुद्राचा आवाज आला.

यंत्र आहे तसंच ठेवलं आहे. आता इतकं जोडलेलं कोण काढणार?

१७ एप्रिल, पवित्र गुरुवार

सकाळ. युस्टिना आणि वीरा चॅपलमध्ये गेल्या आहेत. मी हेडफोनवर सराव करायचं ठरवलं. कानात वाजलेलं कोणाच्या सुतकात येत नाही. फादरांना विचारलेलं नाही, पण ते आज कामात असतील.

हे लिहितानाही हेडफोन कानावर आहेत. फार चांगले आहेत, बाहेरचं काही म्हणजे काही ऐकू येत नाही. उजव्या चकतीवर दोलो-दोलो आहे आणि ते कानात सुरेख वाजतं आहे. डाव्या चकतीवर माझं भाषण चढवलं. कसं मुद्रित झालंय ते एकदा बघायचं होतं. डावी पट्टी वर केली, बटण दाबलं. दिवा लागला, चकती फिरते आहे, पडद्यावर रेघा हलताहेत. आवाज नाही.

डावी बाजू मुकी निघाली. इतक्या लांबून आणलेलं यंत्र आणि अर्धं खराब. को हेंकीचं दुकान सोमवारपर्यंत बंद. भाषण फिरतंच ठेवलं आहे, मधेच जीव आला तर कळेल.

खिडकीतून गल्ली दिसते. उद्याच्या मिरवणुकीसाठी मेणबत्त्या लावायचे बांबू रोवायचं काम चाललं आहे, दरवर्षीसारखं, कोणी न बोलता. लोरेन्सही आहे. आमच्या दारासमोरचेच बांबू त्याच्याकडे आलेले दिसतात.

लोकांनी काम थांबवलं आहे. सगळे आमच्या घराकडे बघताहेत. यंत्राची बातमी फुटली म्हणायची. मी खिडकीतून हात केला. कोणी हात केला नाही.

चॅपलप्रमुख क्रिस्पिनुसकाका काहीतरी बोलताहेत. तोंड बरंच मोठं उघडतं आहे. आजच्या दिवशी त्या वयाच्या माणसानं एवढा आवाज काढणं शोभत नाही.

लोरेन्स फाटक उघडून आत आला. पाच महिन्यांत पहिल्यांदा. माझ्याकडे आला नाही, व्हरांड्यात विजेच्या पेटीपाशी जाऊन उभा राहिला. पेटी उघडली. मुख्य बटणावर हात ठेवला.

म्हणजे माझ्या घरात येऊन माझी वीज तोडणार. चांगलं आहे. मी उठणार नाही. बघतो किती धीर आहे ते.

अजून तसाच उभा आहे.

क्रिस्पिनुसकाका फाटकापर्यंत आले आहेत आणि हातानं 'खाली, खाली' अशी खूण करताहेत. लोरेन्स त्यांना काहीतरी म्हणाला. थोडकंच. काका थांबले.

अजून उभा आहे. हात बटणावरच आहे. कानातलं गाणं संपलं, मी पुन्हा पहिल्यापासून लावलं.

आता त्यानं हात काढला. तोंड दुसरीकडे फिरवून उभा आहे. बाहीनं डोळे पुसतो आहे. बांबूचा भुसा गेला असावा.

युस्टिना धावत येते आहे

संध्याकाळ. डावी बाजू खराब नाही.

युस्टिनानं माझ्या कानावरचे हेडफोन काढले तेव्हा माझाच आवाज गल्लीत "धन्यवाद, आपला प्रवास सुखाचा होवो" म्हणत होता, आणि चॅपलची भिंत तेच पुन्हा म्हणत होती. ते भाषणाचं शेवटचं वाक्य आहे. सवयीनं आलेलं. त्याआधीचं सगळंही गल्लीनं ऐकलं होतं. फादर, बंदर खातं, कप्तान, आदोनाराची लवकर आलेली बोट, सगळं. काल आवाजाचं बटण उजवीकडे फिरवलेलं तसंच होतं.

क्रिस्पिनुसकाका आत आले. आवाज दाबून बोलायचा दिवस होता, म्हणून त्यांनी मला दबक्या आवाजात झापलं. ते जास्त लागलं.

"लाज नाही वाटत, दामियान? पवित्र गुरुवारी? गावभर आभार मानतोयस?"

"काका, माझ्या कानात वेगळं चालू होतं."

"तुझ्या कानात नेहमीच वेगळं चालू असतं."

शिक्षा म्हणून राहिलेले सगळे बांबू मी रोवायचे, आणि उद्या मिरवणूक संपेपर्यंत आमच्या गल्लीतली एकही मेणबत्ती विझू द्यायची नाही. कबूल केलं. लाज वाटली, खरंच वाटली. इतकी की घोषणेच्या खोलीत परत बसता येईल का असा विचार आला.

बांबू रोवायला गेलो. लोरेन्स निघून गेला होता, पण आमच्या दारासमोरचे त्यानं रोवून ठेवले होते. सरळ रोवले होते.

जेवताना वीरानं सांगितलं, ती चॅपलच्या दारात उभी होती, तिला सगळं दिसलं. क्रिस्पिनुसकाका मामाला म्हणाले, "काप, लवकर काप, तुला तर सवय आहे." मामानं हात बटणावर ठेवला होता आणि तेवढ्यात भाषणात त्याचं नाव आलं.

म्हणजे शेवटचा भाग. तो मी शेवटी ठेवला होता, कारण शेवटचा मान मोठा. आता गावानं ऐकलाच आहे तर इथंही लिहितो. मी युस्टिनाला मागणी घालायला गेलो तेव्हा तिचे वडील जाऊन वर्ष झालं होतं. मुलीच्या घरी हस्तिदंत द्यायची आमची रीत, आणि तो माझ्याकडे नव्हता. तिचे काका म्हणाले, "या माणसाकडे दात नाही, नुसती जीभ आहे." मी तिथंही बराच वेळ बोललो होतो. तेव्हा लोरेन्स, विशीतला पोरगा, बापाच्या जागी बसलेला, म्हणाला, "दात येईल तेव्हा येईल. बाप गेल्यापासून आमच्या घरात कोणी बोलत नाही. माझी बहीण मुकी व्हायला लागलीय. याला बोलू दे." त्या तीन शब्दांवर माझं घर उभं आहे, असं मी भाषणात म्हटलं होतं. लग्नात तिथपर्यंत पोचलो नाही.

"मग मामा काय म्हणाला काकांना?" मी वीराला विचारलं.

"म्हणाला, 'बोलू दे त्याला.'"

युस्टिना उठून स्वयंपाकघरात गेली. भांडी आधीच घासून झाली होती.

लोरेन्सनं बटण का दाबलं नाही ते मला नीटसं कळलेलं नाही. ती पेटी जुनी आहे, बटण जड जातं.

१८ एप्रिल

एकही मेणबत्ती विझू दिली नाही.

२० एप्रिल, ईस्टर

मिस्सानंतर चर्चच्या पायऱ्यांवर लोरेन्स समोर आला. मी काही बोललो नाही. हा माझ्यासाठी नवीन अनुभव होता.

तोच म्हणाला, "भाषण लांब आहे, दाजी."

"तू शेवटपर्यंत ऐकलंस?"

"हात दुखला."

"पेटी बदलायला हवी," मी म्हणालो.

तो हसला. मग त्यानं विचारलं, "जूनमध्ये स्पीकर कुणाचे?"

"माझे."

"बरं."

"करंगळी मात्र तुझी लागेल."

"बघू," तो म्हणाला. पण जाताना त्यानं वीराच्या डोक्यावर टपली मारली आणि विचारलं, "काय गं, नाचता येतं का, की अंगण वाकडं?"

मी पाच महिने ताठ राहिलो त्याचा शेवटी परिणाम झाला, असं युस्टिनाला म्हटलं. ती म्हणाली, "हो ना. तुमच्या ताठपणामुळेच."

११ मे

सराव चालू आहे. दोन गाणी जोडताना मधे पायरी चुकल्यासारखं होतं. माउमेरेच्या माणसाला विचारलं. उत्तर आलं, "बघून नाही जुळत, ऐकून जुळतं. घोषणा करताना बोट किती लांब आहे ते बघता ना, तसं दुसरं गाणं किती लांब आहे ते ऐका. जवळ आलं की दोर टाका." हा माणूस बंदरावरही कधी आला असावा.

युस्टिनाला सांगितलं, त्याला जूनमध्ये जेवायला बोलव. एवढ्या उपकाराचे आभार मानलेच पाहिजेत. भाषणात त्याच्यासाठी एक परिच्छेद घातला आहे.

२२ जून, रविवार

सगळं झालं. पाय दुखताहेत, पण आजचं आजच लिहितो.

वीरा पांढऱ्या झग्यात चर्चमधून आली. मांडव भरलेला होता. लोरेन्स पुढच्या ओळीत, बायकोच्या माहेरच्यांच्या मानाच्या जागी, नवीन शर्टात. स्पीकरकडे एकदा बघितलं, उठला, एक पेटी भिंतीकडून थोडी वळवली आणि परत जाऊन बसला. आवाज सुधारला.

जेवणं झाली. माझी वेळ आली. मुद्रित केलेलं भाषण या वेळी वापरायचं नव्हतं, ते गावाचं पाठ झालं आहे. मी माईक घेतला, नवीन भाषण खिशात होतं. यंत्र माझं, अंगण माझं. लोरेन्सचे दोन्ही हात त्याच्या मांडीवर, वीज तोडायला कोणी नाही. डाव्या कानावर हेडफोन, त्यात पहिल्या रिंगणाचं गाणं तयार करून ठेवलेलं.

मी सुरुवात केली. फादर रोमानुसांचे आभार मानले. बंदर खात्याकडे वळलो. तेवढ्यात वीरा दिसली. ती अंगणाच्या मधोमध उभी होती, करंगळी पुढे करून. लोरेन्स अजून खुर्चीतच होता, कारण भाषण संपल्याशिवाय मामानं उठायचं नसतं. तिनं करंगळी खाली घेतली नव्हती. कानात दोलो-दोलोचा ताल चालू होता आणि तिचा पाय त्याच तालावर हलत होता. गाणं फक्त माझ्या कानात होतं, तिला ऐकू येणं शक्य नव्हतं.

मला कप्तानांचं वाक्य आठवेना. खरं म्हणजे आठवत होतं. मी ते म्हटलं नाही. माईकची पट्टी खाली घेतली आणि गाण्याची वर. ताल अंगणात गेला. जोड बरी झाली असावी, कारण कोणी अडखळलं नाही. लोरेन्स उठला, वीराची करंगळी धरली, आणि सगळा मांडव त्यांच्यामागे.

माझं भाषण मीच कापलं. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. आधीच्या कुठल्याही भाषणाला इतक्या वाजल्या नव्हत्या.

रिंगण फिरत यंत्रापाशी आलं तेव्हा लोरेन्स ओरडला, "काय दाजी, बोलायचं राहिलं का काही?"

मी म्हणालो, "पुष्कळ." आणि दुसरं गाणं कानात घेतलं. डोळ्यांत पाणी आलं होतं. चकती दिसेना, म्हणून ऐकून जुळवलं.

एक हळहळ राहिली. माउमेरेचा माणूस आला नाही. त्याच्यासाठी ताट काढून ठेवलं होतं, ते शेवटी लोरेन्सनं संपवलं. पाहुणे गेल्यावर मी युस्टिनाला म्हणालो, "बघ, इतकं शिकवलं त्यानं, आणि आभार मानायचे राहूनच गेले."

ती मांडवातल्या खुर्च्या एकात एक घालत होती. म्हणाली, "मानलेत की तुम्ही. पवित्र गुरुवारी. अख्ख्या गल्लीसमोर."

दमली आहे बिचारी, काहीतरीच बोलते आहे. उद्या माउमेरेला मीच फोन करीन.